स्पीकर आहे म्हणे मॉनिटरला!

दहा हजारांच्या आतबाहेरचा, स्पीकर असलेला मॉनिटर या विषयावर आलेले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ याला मात्र उत्तर दिलेलं नाही. मॉडेलं येतात-जातात, खोक्यावर आणि मागच्या बाजूला काय बघायचं, ते फारसं बदलत नाही.

मुलगी अकरावी सायन्सला गेली. घरात असेंबल केलेला पीसी आहे, त्याचा मॉनिटर गेला. दहा हजारांपर्यंत तयारी आहे. दुकानदार म्हणतो, २७ इंची घ्या, स्पीकरही आहे. घ्यावा का? (बार्शी)

या पैशांत २७ इंची मिळेल तो बहुतेक फुल एचडी असेल. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. स्क्रीन २२ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. त्यामुळे २४ इंची स्क्रीनवर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, तर २७ इंचीवर ८२च्या आसपास. पलंगावर बसून सिनेमा बघणाऱ्याला हे कळणारही नाही. पण मुलगी दोन फुटांवर बसून बारीक टायपातल्या पीडीएफ नोट्स वाचणार. तिथे रफार, अनुस्वार, जोडाक्षरं भुरकट दिसायला लागतात. म्हणून २४ इंची घ्या. टेबल अरुंद असेल तर २२ इंचीही पुरतो.

पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आयपीएस जातीचा असावा. टीएन पॅनल थोडा खालून किंवा बाजूने पाहिला की रंग बदलतात. व्हीए पॅनलचा काळा रंग आयपीएसपेक्षा बराच गडद असतो, सिनेमाला तो छान. पण स्वस्तातल्या व्हीएवर गडद दृश्यं पटापट हलली की मागे काळसर ओघळ राहतो. आता या किमतीत १०० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र ताजं करणारे मॉनिटर सर्रास मिळतात, ते घ्यायला हरकत नाही. फक्त घरी आल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा बघा. पुष्कळ ठिकाणी तो ६० वरच राहिलेला असतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘१ मिलिसेकंद’कडे, म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणाऱ्या वेळाकडे, तुमच्या मुलीने दुर्लक्ष केलं तरी चालेल.

स्टँडही बघा. स्वस्त मॉनिटरचा स्टँड पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर स्क्रूची चार भोकं असतील तर पुढेमागे आर्म किंवा भिंतीचा ब्रॅकेट लावता येतो. नसतील तर खाली जुनी गाइडं रचायची, दुसरं काय!

आणि स्पीकर? तो सगळ्यात शेवटी बघायचा. या मॉनिटरमध्ये एक किंवा दोन वॅटचे दोन स्पीकर असतात, तेही बहुधा मागे किंवा खाली तोंड करून. लेक्चर, व्हिडिओ कॉल, बातम्या यांना ते पुरतात. पण एकाच किमतीत स्पीकरवाला साधा पॅनल आणि बिनस्पीकरचा चांगला पॅनल समोर आला, तर मी दुसराच घेईन. स्पीकर नंतर कधीही जोडता येतो, यूएसबीवर चालणारी साधी जोडी हजाराच्या आत येते. पॅनल नंतर बदलता येत नाही.

ऑनलाइन मॉनिटर मागवला. माहितीत ‘ऑडिओ’ असं लिहिलं होतं. एचडीएमआय केबल लावली. विंडोजमध्ये मॉनिटरचं नाव येतं, आवाजाची हिरवी पट्टीही हलते, पण आवाज शून्य. खराब पीस आला का? (नाशिक रोड)

आधी मॉनिटर उलटा करून बघा. जाळी किंवा बारीक भोकांची ओळ कुठे दिसते का? मला शंका आहे की तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही, फक्त हेडफोनचा जॅक आहे. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही येतो. तो हेडफोनच्या जॅकमधून बाहेर काढायची सोय असली की मॉनिटर कॉम्प्युटरला सांगतो, ‘मी आवाज घेतो.’ विंडोज त्यावर विश्वास ठेवतं, आवाज तिकडे पाठवतं आणि पट्टी हलत राहते. जॅकमध्ये हेडफोन घालून बघा. ऐकू आलं तर मॉनिटर धडधाकट आहे, फसवलं ते जाहिरातीच्या शब्दाने. ‘ऑडिओ’, ‘ऑडिओ आउट’, ‘मल्टिमीडिया’ असल्या शब्दांवर जाऊ नका. तपशिलात ‘स्पीकर’ हा शब्द आणि त्यापुढे वॅटचा आकडा हवा, उदाहरणार्थ ‘२ x २ वॅट’.

दिसायला अगदी सारख्या दोन मॉनिटरपैकी एकाला स्पीकर असतो आणि दुसऱ्याला नसतो. फरक मॉडेलच्या शेपटातल्या एखाद्या अक्षराचा. व्ह्यूसॉनिकच्या शेपटात ‘एच’ऐवजी ‘एमएच’ असेल तर तो ‘एम’ स्पीकरचा. एसरच्या शेपटातही ‘एम’ त्याचसाठी येतो. सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून खात्री करा. विक्रेत्याने चढवलेल्या माहितीत दोन्ही मॉडेलांची खिचडी झालेली असते.

स्पीकर दिसत असूनही आवाज नसेल तर तीन जागा तपासा. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटमध्ये मॉनिटरच निवडलाय ना, ते बघा. मग मॉनिटरच्या बटणांनी त्याच्या मेन्यूत जा. तिथला आवाज वेगळा असतो आणि नवा असताना कधीकधी तो म्यूट किंवा अगदी कमी ठेवलेला असतो. तिथेच ऑडिओ सोर्स विचारत असेल तर एचडीएमआय निवडा. आणि पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. एवढं करूनही गप्प असेल, तर परतीची मुदत संपायच्या आत तक्रार टाका.

माझा सीपीयू जुना आहे, मागे फक्त निळी पंधरा पिनांची व्हीजीए आहे. नव्या मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज येईल का? (कराड)

व्हीजीए फक्त चित्र नेते, आवाज नाही. मॉनिटरवर ‘ऑडिओ इन’ लिहिलेला जॅक असेल तर सीपीयूच्या मागच्या हिरव्या जॅकपासून तिथपर्यंत दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर ओढा. हेडफोनचा जॅक दिसायला तसाच असतो, पण त्याची वाट उलटी. त्यात वायर घालून काही होणार नाही.

बऱ्याच नव्या मॉनिटरला व्हीजीए आणि ऑडिओ इन दोन्ही नसतात. मग व्हीजीएचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यात आवाजाची वायर घालायची सोय असलेलाच मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे ढिगाने मिळतात, पण दुकानात दिशा नीट सांगा: ‘सीपीयूला व्हीजीए, मॉनिटरला एचडीएमआय’. उलट दिशेचा कन्व्हर्टर तुमच्या कामाचा नाही, आणि नुसती दोन टोकं जोडणारी स्वस्त केबल तर मुळीच नाही.

आई दुपारभर यूट्यूबवर अभंग लावते. स्क्रीन चालू ठेवायचा नाही म्हणून मॉनिटरचं बटण दाबलं की अभंगही बंद! काही उपाय? (डोंबिवली)

आवाज मॉनिटरमधून येतो, त्यामुळे मॉनिटर झोपला की तोही झोपणार. काही मॉडेलांत स्क्रीन बंद ठेवून आवाज चालू ठेवायची सोय असते. मेन्यूत ‘ऑडिओ’खाली शोधा. सापडली नाही तर ब्राइटनेस शून्यावर आणा. पण खरं सांगायचं तर आईंसाठी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. गाणी फोनवरून लावता येतील, स्वयंपाकघरातही नेता येईल, आणि पीसी दुपारभर चालू ठेवावा लागणार नाही. टाळ-मृदंगालाही तो जास्त न्याय देईल.

होस्टेलवर टीव्ही ठेवायला परवानगी नाही. मॉनिटरला फायर स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स लावून मॅच बघता येईल का? (कोथरूड, पुणे)

येईल. स्टिक एचडीएमआयमध्ये खुपसा, तिला तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवरच चालवा, आवाज मॉनिटरच्या स्पीकरमधून येईल. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयवाला हवा. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असलेला जुना बॉक्स सरळ लागणार नाही. मॉनिटरचा आवाज सहसा रिमोटने कमीजास्त होत नाही, बटणंच चाचपावी लागतात, आणि ती नेमकी खालच्या कडेला मागे लपवलेली असतात. साउंडबार जोडायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, टीव्हीसारखं एआरसी (एचडीएमआयच्या केबलमधूनच आवाज साउंडबारला पाठवायची सोय) स्वस्त मॉनिटरला नसतं. हेडफोनच्या जॅकमधून वायर न्या. रेक्टरची परवानगी हा माझा विषय नाही.

जीएसटी कमी झाला, म्हणून २४ इंची मॉनिटर स्वस्त झालाय, आजच घ्या, असं दुकानदार सांगतो. खरंय का? (अकोला)

नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटर आणि टीव्हींवरचा. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरना जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. भाव खाली आला असेल तर त्याचं कारण दुसरं काही असेल. बिल मात्र पक्कंच घ्या, वॉरंटीला लागतं. मागच्या स्टिकरवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असेल, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो.

लोडशेडिंग असतं. इन्व्हर्टरवर मॉनिटर चालवला तर बॅटरी लगेच उतरेल का? (लातूर)

२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट खातो. तुमचा जुना सीलिंग फॅन याच्या तिप्पट घेतो. स्पीकरचे दोन-चार वॅट धरायचं कारणच नाही. बॅटरी उतरवतो तो सीपीयू.

मॅक मिनी घेतला आणि स्पीकरवाला मॉनिटर जोडला. कीबोर्डवरून आवाज कमीजास्त होत नाही. (बेळगाव)

एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचा आवाज मॅक सहसा स्वतः हलवत नाही, तो मॉनिटरच्या बटणांनीच बदलायचा. ‘मॉनिटरकंट्रोल’ नावाचं फुकट ॲप घालून बघा, मॉनिटर साथ देत असेल तर की चालू लागतात. मॅक मिनीच्या पोटातही एक छोटा स्पीकर असतो, हे विसरू नका.

मी पुण्याच्या गुरुजींकडे व्हिडिओ कॉलवर तबला शिकतो. नवा मॉनिटर घेतल्यापासून चाटीचा बोल कळतो, पण डग्गा ऐकूच येत नाही. स्पीकर खराब असेल का? (न्यू जर्सी)

स्पीकर त्याच्या परीने ठीक असेल. खर्जाचा आवाज उमटवायला हवा भरपूर ढकलावी लागते, त्यासाठी स्पीकरचा पडदा मोठा हवा आणि मागे पोकळी हवी. मॉनिटरच्या पातळ पाठीत दोन्हीला जागा नाही. ‘ना’, ‘तिट’ वरच्या पट्टीत असल्याने स्पष्ट येतात. डग्ग्याचा घुमारा, म्हणजे ‘घे’मधली सगळी मजा, आत येताच गळून जाते. आवाज वाढवलात तर डग्गा येणार नाही, पाठीमागचं प्लास्टिक तेवढं खडखडेल.

याशिवाय एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही स्पीकरने सुटणार नाही. कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळ्याला गोंगाट समजतात आणि गाळतात. तानपुरा, लेहरा, डग्ग्याची आस हे त्यांच्या दृष्टीने पंख्याच्या घरघरीसारखंच. झूम वापरत असाल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय चालू करा, तुमच्याकडे आणि मुख्य म्हणजे गुरुजींकडेही. त्यांच्याकडे ती बंद असेल तर डग्गा पुण्यातच गाळला जातोय.

ती सोय चालू केली की प्रतिध्वनी गाळणंही कमी होतं. तुमच्या मॉनिटरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरेल आणि गुरुजींना त्यांचाच ठेका उशिराने ऐकू येईल. म्हणून कानावर बसणारा वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज आणखी मागे पडतो आणि सम चुकते. माइक वेगळा लागेल, कारण स्पीकर असला तरी अशा मॉनिटरला माइक क्वचितच असतो. हेडफोनची पिन मॉनिटरच्या जॅकमध्ये घातली तरी चालेल, तेवढ्यापुरता मॉनिटरचा स्पीकर आपोआप गप्प होतो.

नव्या मॉनिटरच्या काचेआड बारीक किडा शिरलाय, आणि एका कोपऱ्यात एक ठिपका कायम लाल आहे. दोन्ही वॉरंटीत बदलून मिळतील का? (कुडाळ)

किडा पावसाळ्यात उजेडाला आला आणि कडेच्या फटीतून शिरला. त्याच्यावर बोट दाबू नका! दाबलात तर तो तिथेच चिरडून कायमचा डाग होईल. मॉनिटर बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा आणि त्याला बाहेर पडू द्या, बहुतेक वेळा निघतो. वॉरंटीत हे सहसा धरत नाहीत.

लाल ठिपक्याचं निराळं. अशा स्क्रीनवर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि त्यांतले किती बिघडले तर बदलून द्यायचं, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकासाठी सहसा कुणी देत नाही. परतीची मुदत शिल्लक असेल तर कंपनीपेक्षा विक्रेत्याकडे जा, तिथे सुटण्याची शक्यता जास्त. मुदत संपली असेल तर कोपऱ्यातल्या ठिपक्यावर पैसे घालवू नका. पुसायला कोरडं मायक्रोफायबर फडकं, फार तर पाण्याने किंचित ओलं. खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे स्क्रीनवर मारू नका, वरचा थर जातो.