चार फ्लॅटची जुनी इमारत घेऊन तिचे आठ स्टुडिओ (एका खोलीची स्वतंत्र घरं) केले, तर गुंतवणूक म्हणून परवडेल का?

भाडं वाढेल, त्यात शंका नाही. पण मी स्वतः अशा एका दुमजली इमारतीचे वरचे दोन फ्लॅट फोडून चार स्टुडिओ केलेत, म्हणून सांगतो: भाड्याचं गणित नंतर, आधी संडास मोजा.

प्रत्येक स्टुडिओला स्वतःचा संडास, मोरी आणि ओटा लागतो. जुन्या घरात हे सगळं एका डक्टला, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीला, चिकटलेलं असतं. नवा संडास डक्टपासून ४ मीटर लांब गेला की १:४० च्या ढाळासाठी १० सेंटीमीटर लागतात, शिवाय पाइपची जाडी ४ इंच. म्हणजे फरशी वीतभर उचला, नाहीतर खालच्याच्या छताला पाइप लटकवा. मी फरशी उचलली. एक भाडेकरू त्या बाथरूमला 'स्टेज' म्हणायचा! दुसऱ्या बाजूला उंची वाचवायला ढाळ कमी ठेवला, तो संडास अजून तुंबतो. तळमजल्यावर फरशी खणून पाइप जमिनीखालून नेता येतो, त्यामुळे फोडायचंच तर खालून सुरुवात करा. मी उलटं केलं.

आता गणित. फ्लॅटचं भाडं १०० धरा आणि स्टुडिओचं ६५. दोन स्टुडिओंचे १३०, म्हणजे महिना ३० जास्त. पण स्टुडिओत एकटा माणूस येतो. लग्न ठरलं, नोकरी बदलली की निघाला. तो वर्षाला बदलतो आणि दर वेळी रिकामा काळ, रंगरंगोटी मिळून दीड महिन्याचं भाडं जातं असं समजा. १३० चे हातात ११४ उरतात. कुटुंब तीन वर्षं टिकलं तर त्याच हिशोबाने १०० चे ९६ राहतात. खरी वाढ १८. फोडण्याचा खर्च जुन्या भाड्याच्या ३६ महिन्यांइतका आला आणि काम चालू असताना ६ महिने भाडं बुडालं, तर ते भरून निघायला ४२०० भागिले १८, म्हणजे सुमारे २३३ महिने, १९ वर्षांहून जास्त. ३० धरून हेच १२ वर्षांच्या आत दिसतं, आणि विकणारा तुम्हाला तेच दाखवेल.

घरांची संख्या वाढवायला परवानगी लागते, तिच्यासोबत पार्किंग आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट हे प्रश्न येतात. ते सौदा करण्याआधी विचारून घ्या. प्रत्येक अर्ध्याला खिडकी येते का तेही बघा. माझ्या एका स्टुडिओला फक्त झरोका आहे, आणि तोच सगळ्यात जास्त रिकामा असतो. वीजमीटर वेगळे घ्याच. मधली भिंत पातळ नको, नाहीतर याचा गजर त्याला उठवतो.

माझं मत विचाराल तर चारपैकी ज्या फ्लॅटच्या दोन्ही भागांना डक्ट जवळ आहे तेवढेच फोडा. माझे खालचे दोन मी पैसे संपले म्हणून तसेच ठेवले. वरचे भाडेकरू कितीदा बदलले ते आता आठवतही नाही. खाली अजून तीच दोन कुटुंबं आहेत.