उशीर झाला तरी वाट पाहायची

यहुदी धर्मात आशा हे कर्तव्य मानलं जातं, असं मागच्या लेखात मी एका ओळीत लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच इथे घेते.

प्रश्न : ज्या समाजाच्या वाट्याला इतक्या हद्दपाऱ्या आणि कत्तली आल्या, त्याच्या धर्मात आशावाद आला कुठून? हा भोळेपणाच नाही का? (वाचक, नाशिक)

भोळेपणा असता तर तालमूद या यहुदी गुरूंच्या वादचर्चांच्या जुन्या ग्रंथातली एक नोंद कुणीतरी केव्हाच गाळली असती. हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या परंपरा अडीच वर्षं वाद घालत होत्या : माणूस निर्माण झाला हे बरं, की झालाच नसता तर बरं? शेवटी मतं मोजली आणि कौल लागला, 'झाला नसता तर बरं'. पण त्याच दमात पुढे म्हटलं, आता झालाच आहे, तर त्याने आपली कर्मं तपासावीत. जगाविषयीचं मत इतकं कडवट असूनही काम सुटत नाही. मला सगळ्याचं मूळ इथे दिसतं.

दुसरी कथा राब्बी (यहुदी धर्मगुरू) अकिवांची. इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. पुढे काही विद्वान तिथे गेले, तर परमपवित्र गाभाऱ्याच्या जागेतून एक कोल्हा बाहेर पडताना दिसला. सगळे रडू लागले, अकिवा हसले. विध्वंसाचं भाकीत खरं झालं, म्हणजे जेरुसलेमच्या रस्त्यांत म्हातारे-म्हाताऱ्या पुन्हा निवांत बसतील हे जखऱ्या या जुन्या संदेष्ट्याचं भाकीतही खरं होणार, असं ते म्हणाले. याच अकिवांनी पुढे बंडाचा नेता बार कोख्बा याला मसीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहतात तो तारणहार, मानलं. त्याचं बंड (इ. स. 132 ते 135) रोमनांनी चिरडलं आणि अकिवांचाही हालहाल करून जीव घेतला. ही दुसरी बाजू विसरून पहिली सांगू नये.

प्रश्न : मग 'आधुनिक' आशावाद वेगळा कसा? (वाचक, ठाणे)

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या यहुद्यांना हळूहळू नागरिकत्वाचे हक्क मिळू लागले आणि मसीहाची कल्पनाच पालटली. कुणी एक पुरुष येईल याऐवजी सगळी मानवजात न्यायाकडे सरकते आहे, हाच मसीहाचा काळ, असं यहुदी धर्मातले सुधारणावादी म्हणू लागले. अमेरिकेतल्या सुधारणावादी राब्बींनी 1885 साली पिट्सबर्गच्या जाहीरनाम्यात तसं लिहूनच टाकलं. जर्मनीत तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन (1842–1918) यांनी या विचाराला सर्वांत भक्कम पाया दिला. त्यांच्या मते देव एक, म्हणून मानवजात एक, आणि ती एक होणं हे कधीही न संपणारं नैतिक काम.

कोहेन यांच्या पत्नी मार्था 1942 साली तेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीत वारल्या. कोहेन यांचं पुस्तक वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीनंतर असं काही बोलण्याची हिंमत कुणाला झाली? (वाचक, कोल्हापूर)

सगळ्यांना झाली नाही. यहुदी धर्मचिंतक रिचर्ड रूबेनस्टाइन यांनी 1966 साली स्पष्ट लिहिलं की, इतिहास चालवणारा देव आता मानता येत नाही. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम यांचं उत्तर वेगळं होतं. नोव्हेंबर 1938च्या नाझी अटकसत्रात ते स्वतः झाक्सेनहाउझेन छावणीत गेले होते. 1967 साली त्यांनी मांडलं की, परंपरेतल्या 613 आज्ञांना आता एक जोडायला हवी : हिटलरला मेल्यानंतर विजय मिळवून द्यायचा नाही. यहुदी म्हणून जगायचं, मेलेल्यांना विसरायचं नाही, देवाबद्दल आणि माणसाबद्दल निराश व्हायचं नाही. इथे आशेला पुरावा लागत नाही, कारण ती आज्ञा आहे. राब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी 1956च्या भाषणात जवळपास हीच वाट दाखवली होती : हे दुःख का आलं, ते विचारत बसू नका, आलं आहे तर आता माझं काम कोणतं, ते विचारा.

पण माझ्या मनात ठाण मांडून बसलेत ते जर्मन राब्बी लिओ बेक. 1905 सालच्या पुस्तकात त्यांनी यहुदी धर्माला आशावादी म्हटलं आणि तो आशावाद स्वतःवरच्या, शेजाऱ्यावरच्या आणि मानवजातीवरच्या विश्वासात आहे असं लिहिलं. देश सोडण्याची संधी असूनही ते बर्लिनमध्ये आपल्या लोकांबरोबर थांबले. जानेवारी 1943 मध्ये त्यांनाही तेरेझिएनश्टाटला नेलं. तिथे सत्तरीकडे झुकलेला हा माणूस कैद्यांसमोर तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत असे. ते जिवंत सुटले.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे. भेटायला येणारे 'देव करतो ते बऱ्यासाठीच' म्हणतात. तुमचे राब्बीही तेच सांगतात का? (वाचक, पुणे)

स्वतःबद्दल असं म्हणणारा एक माणूस तालमूदमध्ये आहे. नहूम त्याचं नाव. काहीही घडलं तरी 'हेही बऱ्यासाठीच' म्हणायचा. पण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल तसं बोलायला तालमूद मनाई करतो. आजारी माणसाला किंवा मूल गेलेल्याला 'तुझंच काही चुकलं असेल' असं बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांसारखं ऐकवणं म्हणजे शब्दांनी केलेला अन्याय, असं तिथे आहे. येणाऱ्यांना खुशाल थांबवा. आईजवळ बसायला सांगा.

ब्रिटनचे माजी मुख्य राब्बी जोनाथन सॅक्स (1948–2020) यांनी केलेला फरक इथे उपयोगी पडेल. जग सुधारत चाललं आहे असं मानणं म्हणजे आशावाद. आपण मिळून ते सुधारू शकतो असं मानणं म्हणजे आशा. पहिल्यासाठी काहीच करावं लागत नाही.

प्रश्न : आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांमध्ये यातलं काय दिसतं? (वाचक, अलिबाग)

कोहेन किंवा बेक घरोघरी वाचले जात नसतील, पण एलियाहू हान्नाबी प्रत्येक घरात आहे. मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा तो संदेष्टा. तुमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, दुखण्यातून माणूस उठल्यावर त्याच्या नावाने मलिदा करतात : गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आधी प्रार्थना होते, मग ताट सगळ्यांमध्ये फिरतं.