खंड पडला? पडू दे

भाऊ, महिनाभर फुटाळा तलावाकाठी पळायचं ठरवलं आणि नवव्या दिवशीच सुटलं, एवढंच ना? मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर जातो, अंगच नाही म्हणतं. मी तर चार उन्हाळे स्वतःला शिव्या घालण्यात घालवले. बूट दाराशी धूळ खात.

सध्या दोनच गोष्टी कर:
- अशा वेळी मित्राला जे बोलला असतास, तेच स्वतःला बोल. मोठ्यानं. विचित्र वाटेल, वाटू दे.
- बुडालेले दिवस भरून काढू नको. उद्या दहा मिनिटं चाल, बास.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ आत्मकरुणेचे, म्हणजे चुकलं तरी स्वतःला समजून घेण्याचे, तीन भाग सांगतात. त्यातला स्वतःशी मायेनं वागण्याचा तुला आत्ता पुरे. माया म्हणजे सूट, असं मात्र समजू नको, नवे लोक तिथंच घसरतात. बूट आज रात्रीच पुसून ठेव.