ई-६

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी क्रॉस मैदानात बेसबॉलच्या मॅचला तू शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) होतास आणि स्कोअरची वही माझ्या मांडीवर. चौथ्या इनिंगला तुझ्या हातून चेंडू सुटला, मी 'ई-६' लिहिलं: ई म्हणजे एरर, चूक, आणि सहा हा शॉर्टस्टॉपचा आकडा. पाण्याची बाटली घ्यायला आलास तेव्हा ते वाकून वाचलंस आणि व्हीटी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. रात्री मेसेज: "काका, जमीन उकरलेली होती." होती ना. बाजूच्या क्रिकेटवाल्यांनी स्पाइक्सनी पार वाट लावली होती. पण तो चेंडू दुसऱ्या टप्प्यानंतर सरळ आला, मी बघत होतो. ई खोडणार नाही.

आपण क्रिकेटच्या गावात वाढलो. सुटलेला झेल तिथल्या धावफलकावर कुठे दिसतो? बॉलर कपाळाला हात लावतो, संपलं. बेसबॉलच्या फलकावर मात्र रन, हिट आणि त्यांच्या शेजारी एरर असा तिसरा रकाना उघडा असतो. सतरा वर्षांचा असताना फाउंटनच्या फुटपाथवरून एक जुनं अमेरिकन मासिक उचललं, त्यात तो पहिल्यांदा पाहिला. चुकांचा हिशोब चारचौघांत? आज सत्तरीत पहाटे ४:३५ला न्यूयॉर्कची रात्रीची मॅच लावतो (काकू म्हणते, दूधवाल्याला लाजवतोस), तेव्हाही नजर आधी त्याच रकान्यावर जाते.

आता तुझी खरी तक्रार कुठे असायला हवी ते सांगतो. तिसऱ्या इनिंगला लेफ्ट आणि सेंटर फील्डर 'तू घे, तू घे' करत थांबले आणि चेंडू मधोमध पडला. अशा वेळी ई सहसा कुणालाच लागत नाही, बॅटरला हिट मिळतो, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस कमावल्याचं श्रेय. वहीत ते दोघं स्वच्छ. तू धावलास, पोचलास, हात लावलास, म्हणून तुझ्या नावावर डाग. हे अन्यायाचं आहे म्हणालास, तर मी हो म्हणेन.

वहीत आणखी एक खूण असते. बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला की इंग्रजी 'के' लिहितात. तिसरा स्ट्राइक बॅट न हलवता नुसता बघत राहिला, तर तोच के आरशातल्यासारखा उलटा. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी लेजरमध्ये ३,१०० चे १,३०० लिहिले. साहेबांनी झापलं ज्युनिअरला, माझ्या टेबलापासून चार हातांवर. मी मान खाली घालून टाचण्या डबीत भरत बसलो. एकेक करून. संध्याकाळी लोकलमध्ये डायरीत तारखेपुढे उलटा के काढला. दुसऱ्या दिवशीही काढला, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्या पोराची थांबलेली पगारवाढ काही परत आली नाही, आणि माझ्याशी तो पुढे कधी धड बोलला नाही. तू व्हीटीपर्यंत गप्प होतास तेव्हा मला त्याचीच आठवण आली.

पंचांचं म्हणशील, तर २ जून २०१०, डेट्रॉइट. गालारागा या पिचरने सलग २६ जणांना बाद केलं होतं. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी सेफ दिला. परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बाद, एकही बेसवर नाही, तो गेला. मॅचनंतर रेकॉर्डिंग पाहून जॉइसनी स्वतःच सांगितलं, मी चुकलो. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे, मुख्य पंचाच्या जागी, तेच उभे होते आणि संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गालारागाच आला. जॉइस डोळे पुसत होते. नोंदीत तो आजही हिटच आहे.

येत्या रविवारी सातला ये. आधी पन्नास ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) घेऊ. तू चेंडूला उशिरा वाकतोस आणि ग्लोव्ह वरून खाली नेतोस. आधी जमिनीला टेकव, मग वर आण. नंतरच्या मॅचला पेन्सिल तुझ्याकडे, मी फर्स्ट बेसला उभा राहतो. गुडघे आता ऐकत नाहीत, दोन-तीन तरी सुटतील. ई-३ लिहिताना काकांचा मुलाहिजा नको.

तुझा,
काका