आधी टूल घासायला शीक

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू लेथवर, म्हणजे कातकामाच्या मशीनवर, कातलेल्या बारचा (सळईचा) फोटो पाहिला. २५ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद), आणि त्यावर बोटाला जाणवतील अशा लाटा. आता तू विचारतेस, मापं आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट बसवू, टूल झटकन बदलता येणारं क्विक चेंज टूल पोस्ट घेऊ, की इन्सर्टचा, म्हणजे तयार धारेच्या तुकड्यांचा, महागातला सेट मागवू? यातलं काहीही नको. लेथवर धातू कापणारं टूल ग्राइंडरवर स्वतः घासायला शीक.

बहुतेक इन्सर्टची धार मुळातच किंचित गोलसर असते. कटची भरपूर खोली, भरपूर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि दणकट मशीन असेल तर ती उत्तम चालते. तुझ्या ऐरोलीच्या खोलीतलं छोटं लेथ तेवढा कट ओढू शकत नाही. तू भीत भीत ०.१ मिमीचा कट देतेस, धार कापायच्या ऐवजी नुसती रेटते, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, थरथरतो आणि खापर मशीनवर. बोथट विळीवर टोमॅटो चिरायचा आणि टोमॅटोला नावं ठेवायची!

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जाऊन १० मिमी चौकोनी एचएसएसचे (हाय स्पीड स्टील, टूलचं पोलाद) तुकडे आण. पुढची आणि बाजूची क्लिअरन्स, म्हणजे धारेखालची मोकळीक, ८ ते १० अंश. एमएससाठी वरून बाजूला उतार १२ अंशांच्या आसपास. पितळेला उतार शून्य ठेव, नाहीतर टूल आत ओढलं जातं. टोक ऑइलस्टोनवर जरासं गोल कर. टूल निळं पडलं म्हणून घाबरू नकोस. हे पोलाद घडवणाऱ्या टेलर आणि व्हाइट यांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात टूल लाल होईपर्यंत पोलाद कापून दाखवलं, ते याच जातीच्या टूलने. फक्त तापलेलं टूल एकदम पाण्यात बुडवू नकोस, बारीक तडे जातात.

मग सेंटर, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीवर आणणं. जॉब आणि टूलचं टोक यांच्यात स्टीलची पट्टी हलकेच दाबून धर. पट्टी उभी राहिली तर ठीक, कलली तर टूलखालची शिम (पातळ पत्रा) बदल. स्पीड मिनिटाला ३० मीटर धर, म्हणजे तुझ्या बारला ३८० आरपीएमच्या आसपास. चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्यांची) चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, केस बांधायचे, ओढणी लांब ठेवायची. तुला ठाऊक आहे, तरी लिहिलं.

व्हिडिओ बघून येईल म्हणतेस. नाही येणार. टूल घासताना अंगठ्याला जो अंदाज येतो तो पडद्यावर दिसत नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटला आमच्या शॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आलं तेव्हा साहेब म्हणाले, ग्राइंडरपाशी वेळ घालवू नका. मी घालवला. प्रमोशन मागून आलेल्याला मिळालं, मला हट्टी ठरवलं. म्हणू देत. स्टेनलेसचा वेडावाकडा प्रोफाइल आला की ड्रॉइंग माझ्याच बाकावर यायचं. सीएनसीला मी वाईट म्हणत नाही, हजार नग काढायचे तर तेच हवं. तुला एकच नग काढायचाय ना? मग टूल घास.

मला खंत आहे ती वेगळीच. ज्यांच्याकडून शिकलो त्या उस्तादांची टूलं, नाना आकारांची, शॉप बंद झालं तेव्हा भंगारात किलोच्या भावाने गेली. कुणीच ठेवून घेतली नाहीत. आता तिथे काचेची इमारत आहे आणि आत तुझ्यासारखी पोरं कॉम्प्युटरपाशी बसतात. तुझ्यावर राग नाही हो. उलट त्या पोरांतली एक जण लेथकडे वळली, म्हणून तर एवढं लिहितोय.

पहिली काही टूलं फुकट जातील, जाऊ देत. खाडीच्या हवेत लेथचा बेड गंजतो, रोज काम झालं की तेलाचा हात फिरव. इन्सर्टच्या सेटचे पैसे वाचतील त्यातून बरा बेंच ग्राइंडर घे आणि त्याची रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) चाकापासून ३ मिमीच्या आत ठेव.

रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला ये. जमलेलं टूल आणू नकोस, बिघडलेलं आण. नेमका कुठे हात उचललास ते मी बघून सांगतो.

काका