‘कॉर्टिकल हेम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय की शुभा टोळे या शास्त्रज्ञांनी मेंदूवर केलेल्या संशोधनाबद्दल मराठीत लिहायचंय, त्यात ‘कॉर्टिकल हेम’ पुन्हापुन्हा येतं, तर नुसतं ‘हेम’ लिहिलं तर चालेल का, का ‘दुमड’ म्हणावं?

माझं मत, दोन्ही नको, ‘काठ’ म्हणा. ‘हेम’ आपल्याकडे आधीच सोन्यासाठी आहे, हेमगर्भाची मात्रा ऐकलेल्या माणसाला मेंदूत सोनं कुठून आलं असं वाटेल, शिवाय रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला लोहाचा घटकही काहीजण ‘हेम’च लिहितात. ‘दुमड’ वरवर बरोबर वाटतं कारण इंग्रजीतला हेम म्हणजे कापडाची कड मुडपून टीप मारतात ती, पण इथे काही मुडपलेलं नाहीये आणि मेंदूच्या बाबतीत दुमड म्हटलं की लोकांना वरच्या वळ्या आठवतात.

मुळात ही जागा काय आहे ते बघा. गर्भाच्या मेंदूत बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, तयार होत असताना त्याच्या आतल्या बाजूच्या कडेला पेशींची एक चिंचोळी पट्टी असते आणि तिच्यात विंट आणि बीएमपी नावाचे संदेश देणारी जनुकं चालू असतात. १९९८ साली शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेतून जो पेपर आला त्यात या पट्टीला हेम हे नाव मिळालं, आणि टोळे त्या पेपरच्या लेखकांपैकी एक आहेत, तेव्हा त्या तिथे पोस्टडॉक होत्या, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करत होत्या. त्याआधी मुंबईचं सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत कॅलटेकला (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) पीएचडी. १९९९ मध्ये त्या कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या आणि तीच पट्टी घेऊन पुढे कामाला लागल्या.

आता ‘काठ’ का, तर साडीचा काठ नंतर जोडलेला नसतो (निदान चांगल्या साडीचा तरी), तो अंगाबरोबरच विणला जातो, वस्त्र एकच, पण नक्षी वेगळी. हेमचंही तसंच आहे, बाह्यक आणि हेम एकाच पेशीथरातून होतात, फरक पडतो तो कुठलं जनुक चालू आहे याने. बाह्यकाच्या पेशींमध्ये एलएचएक्स२ नावाचं जनुक चालू असतं, हेममध्ये नसतं. २००८ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत टोळे यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की उंदराच्या गर्भात बाह्यकाच्या काही ठिगळांमधून एलएचएक्स२ काढून टाकलं तर ती ठिगळं हेम बनतात, आणि मग त्या प्रत्येक हेमच्या शेजारी हिप्पोकॅम्पस तयार व्हायला लागतो, म्हणजे आठवणींशी संबंधित जो भाग मेंदूच्या एका अर्ध्यात एकच असतो तो चक्क अनेक ठिकाणी! मला हा प्रयोग अजूनही विलक्षण वाटतो, कारण शेजारच्या पेशींनी काय व्हायचं ते हा काठ ठरवतो हे त्यातून थेट दिसतं. आणि हे फक्त अगदी सुरुवातीच्या काळातच होतं, तेच जनुक उशिरा काढलं तर हेम बनत नाही.

त्यावरून आठवलं, एलएचएक्स२ला ‘सिलेक्टर जीन’ म्हणतात त्याचं ‘निवडक जनुक’ कृपया करू नका, ‘निवडक’ म्हणजे निवडलेलं, आणि हे तर निवड करणारं आहे. ‘ओळख ठरवणारं जनुक’ लिहा, लांब आहे पण कळतं. मात्र या एकाच कामाला हे नाव द्या, कारण पुढच्या पेपरांमध्ये तेच जनुक वेगळी कामं करताना दिसतं. २०११ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये ते पेशींना चेतापेशी बनण्याकडे नेतं, ते नसेल तर अॅस्ट्रोग्लिया नावाच्या आधारपेशी वेळेआधीच बनायला लागतात. नंतर २०१७ मध्ये ते डीएनएची गुंडाळण बदलणाऱ्या प्रथिनांच्या एका गटाबरोबर मिळून दुसऱ्या जनुकांवर कसा ताबा ठेवतं हेही आलं. इथे ‘जनुक नियमन’ हा शब्द बिनधास्त वापरा, तो रुळलेला आहे.

लिहिताना पहिल्यांदा ‘बाह्यकाचा काठ, म्हणजे कॉर्टिकल हेम’ असं एकदा सांगून टाका आणि पुढे नुसतं काठ. विभक्तीलाही सोपं पडतं, काठाकडून येणारे संदेश, काठालगतच्या पेशी. हिप्पोकॅम्पस मात्र तसाच ठेवा, त्याचा शब्दशः अर्थ समुद्रघोडा, पण तसं लिहिलंत तर वाचक मत्स्यालयात जाईल.