'विधवा'मध्ये नवरा शोधू नका

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: वडील हयात नाहीत, तर लग्नपत्रिकेत आईच्या नावापुढे 'गं. भा.' घालायचं की 'श्रीमती'? शिवाय, 'विधवा'चं पुल्लिंग 'विधव' न होता 'विधुर' कसं?

पत्रिकेत वडिलांपुढे 'कै.' आणि आईपुढे 'श्रीमती' लिहा. 'श्रीमती म्हणजे नवरा गेलेली' हे पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. 'श्रीमत्'चं स्त्रीलिंग 'श्रीमती'. नवरा असण्या-नसण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, लग्न न झालेल्या बाईलाही ते चालतं. फक्त 'श्रीमती सौ.' अशी दुहेरी बिरुदं छापू नका. पुरुषाचं 'श्री.' बायको गेली तरी बदलत नाही. बाईचं मात्र कु., सौ., गं. भा. असं नवऱ्याच्या हिशेबाने बदलत राहतं.

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी, गंगेसारखी पवित्र. एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा'ऐवजी हाच शब्द वापरायचं सरकारी पातळीवर निघालं तेव्हा राज्यभर टीका झाली, ती योग्यच होती. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात हे खरं, पण भागीरथी ही भगीरथाची. आपली नदी पुराणाप्रमाणे गौतमाची, म्हणून गौतमी.

आता खरी गंमत. शाळेत शिकवतात की वि + धव = विधवा, धव म्हणजे नवरा, तो जिचा गेला ती. आधाराला यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ, पुढे करतात. निरुक्त उघडून तरी बघा! यास्क एक नाही, चार व्युत्पत्ती देतो: विधातृका (आधार देणारा नसलेली), विधवन (थरथरणं), चर्मशिरस् नावाच्या आचार्याच्या मते विधावन (इकडेतिकडे धावणं), आणि सर्वांत शेवटी 'अपि वा', म्हणजे 'किंवा', म्हणून धव. इतक्या साशंकपणे सुचवलेली गोष्ट आपल्या व्याकरणवाल्यांनी सिद्धांत करून टाकली.

'विधवा' शब्द ऋग्वेदात आहे (१०.४०.२, 'विधवेव देवरम्'). नवरा या अर्थाचा 'धव' तिथे नाही, तो नंतर येतो. लॅटिनमध्ये विदुआ, रशियनमध्ये व्दोवा, इंग्रजीत विडो, फारसीत बेवा. ही सगळी एकाच घरातली भावंडं, आणि त्यांतल्या एकाच्याही पोटात नवरा नाही. मूळ अर्थ उणी पडलेली, एकटी राहिलेली. संस्कृतातला विध् (उणं असणं) हा धातू त्याच कुळातला मानतात. पुढे कुणीतरी 'वि' हा उपसर्ग समजून शब्द चुकीच्या जागी तोडला, आणि उरलेल्या तुकड्याचा 'नवरा' झाला. विधवेवरून धव निघाला, धवावरून विधवा नाही. (धावड्याच्या झाडाचा 'धव' वेगळा.)

माझं तर ठाम मत आहे की शब्द असा तोडावासा वाटला तो समाजामुळेच. बाईचं एकटेपण नवऱ्यावाचून समजावून सांगताच येत नव्हतं.

'विधुर' बघा, म्हणजे पटेल. संस्कृत काव्यात तो विरहाने व्याकूळ, एकाकी माणूस, आणि 'विधुरा' अशी बाईही असू शकते. काहीजण तिथेही वि + धुरा करून जू हरवलेली गाडी उभी करतात. तो गाडीचा 'विधुर' निराळा शब्द आहे, बायको गेलेल्या माणसाशी त्याची गल्लत नको. मराठीत 'विधुर' पुरुषापुरता उरला, तरी बायकोला मध्यभागी ठेवून त्याचा विग्रह कुणी करत बसलं नाही. पुन्हा लग्नाला उभा राहिलेल्या पुरुषाला तर आपण वेगळा शब्दच दिला, 'बिजवर': बीज म्हणजे दुसरा (भाऊबीजेतली द्वितीया तीच), वर म्हणजे नवरा. बाईने तेच केलं की ती 'पाटाची' (पाट म्हणजे विधवेचं पुनर्लग्न), आणि घरात तिचा मान 'लग्नाच्या' बायकोच्या खाली असे.